गाभण

गाभण : पोटात गर्भ असलेल्या मादी जनावराचे, मुख्यतः गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांचे विशेषण. इंग्रजीतला ‘प्रेग्नंट’ हा शब्द बाई आणि गाय दोघींना चालतो. मराठीत या दोघींमध्ये कुंपण आहे. गाय गाभण असते. बाई गरोदर, गर्भवती, पोटुशी, दोन जिवांची असते, तिला दिवस जातात. बाईला गाभण म्हटले की ती शिवी होते. उलट दिशेचे कुंपण तितके पक्के नाही : पशुवैद्यकीय कागदपत्रांत गाईची ‘गर्भधारणा’ सर्रास लिहिली जाते आणि ते कोणाला खटकत नाही. अलीकडे खेड्यांतही ‘प्रेग्नंट’ रुळला असून तो बाईसाठी सभ्य आणि जनावरासाठी डॉक्टरी शब्द ठरला आहे. म्हणजे ज्या कुंपणाने देशी शब्द वेगळे ठेवले, ते परक्या शब्दाने सहज ओलांडले.

व्युत्पत्ती : ‘गाभण’बद्दल वाद नाही. संस्कृत गर्भिणी, प्राकृत गब्भिणी आणि त्यावरून गाभण, असा सरळ प्रवास आहे. हिंदी गाभिन आणि गुजराती गाभण ही याच कुळातली रूपे. र्भ–ब्भ–भ हा बदल आणि त्यासोबत आधीचा स्वर दीर्घ होणे मराठीत नियमित आहे. गाभा, गाभारा, गाभुळलेली चिंच, माशांची गाभोळी हे शब्दही त्याच घरातले. ‘गाभारा’ गर्भगृहापासून काढण्याचा मोह होतो, पण शेवटचा ‘रा’ गर्भागार या शब्दाकडेच बोट दाखवतो.

अडचण ‘गरोदर’ची आहे. गर्भ + उदर ही फोड अर्थाला सोयीची आहे. परंतु मग भ गेला कोठे आणि र टिकला कसा, हे सांगता येत नाही. गर्भाचे मराठी रूप इतरत्र गाभ असेच होते. दुसरी शक्य फोड गुरु + उदर, म्हणजे जड पोटाची. गुरुचे प्राकृत रूप गरुअ असे मिळते. उशिरा पिकणाऱ्या भाताला कोकणात ‘गरवा’ आणि लवकर पिकणाऱ्याला ‘हळवा’ म्हणतात, त्या जोडीत गुरु–लघू स्पष्ट दिसतात. (पूर्व विदर्भातले शेतकरी याच जोडीला भारी धान, हलके धान म्हणतात. शब्द वेगळे, कल्पना तीच.) ‘उदर’मधला द शाबूत राहिल्याने गरोदर हा शब्द दोन्ही मतांनुसार अर्धतत्सम, म्हणजे संस्कृत रूप अर्धवटच बदललेला, ठरतो. तरी ध्वनींचा विचार करता गुरूकडे झुकणारे मत अधिक पटते.

‘डोहाळे’ संस्कृत दोहद व प्राकृत दोहल यांवरून आला. दोहद मुळात द्विहृद् की दौर्हृद, यावर मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातील स्त्रीला दोन हृदयांची म्हणून दौहृदिनी म्हटले आहे. हे स्पष्टीकरण मागाहून रचलेलेही असू शकेल, पण ‘दोन जिवांची’ हा मराठी प्रयोग त्याच कल्पनेवर उभा आहे. जनावराला डोहाळे लागत नाहीत, निदान भाषेत तरी.

विदर्भातील वापर : वऱ्हाडीत ण चा न होतो, म्हणून उच्चार ‘गाभन’. शब्दाच्या सुरुवातीचे वि, वे हे इ, ये होतात (विस्तव–इस्तो, वेळ–येळ). त्यानुसार वेत हा शब्द ‘येत’ असाही ऐकू येतो. वेत म्हणजे जनावराची एकेक वीण, आणि म्हशीचे वय वर्षांपेक्षा वेतांत सांगायची रीत आहे : दुसऱ्या वेताची, चौथ्या वेताची. पहिल्यांदा विणारी ती पहिलारू. वेत हा शब्द व्याणे (संस्कृत वि + जन्) या क्रियापदाशी जोडणे सयुक्तिक वाटते. वीतभर लांबीच्या ‘वीत’शी त्याचा संबंध नसावा.

गाभण होण्याआधीच्या पायऱ्यांनाही शब्द आहेत. गाय माजावर येते, म्हणजे तिला नराची ओढ लागते; तिला सांड दाखवतात (पश्चिम महाराष्ट्रातला वळू तो इकडे सांड), ती फळते; गाभ न राहिल्यास सुमारे 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते आणि मग ती ‘उलटली’ असे म्हणतात. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती हंबरत नाही, लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसतात आणि उन्हाळ्यात तर जवळजवळ दिसेनाशी होतात. विदर्भातला उन्हाळा पाहता नागपुरी व पूर्णाथडी म्हशी पाळणाऱ्यांना ही अडचण नेहमीची आहे. कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंश सेल्सिअसला ठेवतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे, हा ढोबळ नियम.

मुदत सांगण्याची लोकरीत अशी : गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, शेळी पाच महिने. शास्त्रीय सरासरी अनुक्रमे 280 ते 285, सुमारे 310 आणि सुमारे 150 दिवस येते. म्हणजे लोकगणना बहुतेक बरोबर आहे. विण्यापूर्वी साधारण 60 दिवस दूध आटवतात. आटलेल्या जनावराला भाकड म्हणतात. भाकड म्हणजे वांझ नव्हे. गाभण असूनही गाय भाकड असू शकते, आणि शहरी लेखनात हा घोटाळा वारंवार आढळतो.

बाजारात गाभणपणाला भाव असतो, म्हणून तो तपासण्याची विद्याही आहे. जाणता गिऱ्हाईक उजव्या कुशीत मूठ दाबून पाहतो. रवंथाचे मोठे पोट डावीकडे असल्याने वाढलेले वासरू उजवीकडे हाताला लागते. ही खूण सहाव्या-सातव्या महिन्यानंतरच भरवशाची. पशुवैद्य गुदमार्गे हात घालून दोन-तीन महिन्यांतच सांगतो. त्याआधी केलेला सौदा म्हणजे पाण्यात म्हैस, वर मोल.

मुदतीआधी गर्भ पडला तर गाय गाभडली किंवा तिने गाभ टाकला असे म्हणतात. शेवटच्या तिमाहीत असे घडल्यास ब्रुसेलोसिस या जिवाणुजन्य रोगाची शंका घ्यावी लागते. तो माणसालाही होतो : पडलेला गर्भ व जार (विल्यानंतर पडणारी वार) उघड्या हातांनी उचलल्याने आणि कच्च्या दुधातून. प्रतिबंधक लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच देतात. सुरळीत व्यालेल्या गाईचा जार साधारणपणे 12 तासांच्या आत पडतो. पहिल्या दुधाला चीक म्हणतात व त्याचा खरवस करतात. वासरू नर असल्यास गोऱ्हा, मादी असल्यास कालवड. म्हशीची मादी वगार.

लाक्षणिक वापर : ज्वारी पोटरीत येते, म्हणजे कणीस अजून पानांच्या आवरणातच असते. धान गर्भावस्थेत असते आणि मग निसवते, म्हणजे लोंब बाहेर पडते. भंडारा-गोंदियाकडे धान गर्भावस्थेत असताना पावसाने ओढ दिली तर दाणा भरत नाही, त्यामुळे तेथे हा शब्द शेतीच्या चर्चेत बाळंतपणाइतक्याच काळजीने उच्चारला जातो. ढगांनाही गर्भ असतो ही कल्पना जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघगर्भाचे स्वतंत्र प्रकरण असून गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी तो प्रसवतो असे म्हटले आहे. मार्गशीर्ष शुद्ध पक्षारंभी धरलेला गर्भ त्या हिशेबाने ज्येष्ठ वद्यात बरसायला हवा.