वणवा पेटतो त्याच्या आधी

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, दोघे जखमी झाले. उन्हाळाभर जंगल राखणारी ही रोजंदारीवरची माणसं. त्यांच्यावर ही वेळ का आली, ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

विदर्भातलं जंगल पानझडी. साग, ऐन, तेंदू पानं गाळतात आणि मार्चपर्यंत घोटा बुडेल इतका पाचोळा साचतो. इथे आग आपोआप क्वचितच लागते. ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. सकाळी त्या काळ्या गोलावर फिकट पिवळी, रसरशीत फुलं मण्यांसारखी विखुरलेली दिसतात. विस्तव नीट विझवला नसेल, तर दुपारच्या वाऱ्यावर तीच आग डोंगर चढते. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आग लावली जाते.

जंगलात आग लागूच द्यायची नाही, हा विचार इंग्रजी अमदानीतला. १८६०च्या दशकात मध्य प्रांतात कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आगबंदीचा प्रयोग केला. जंगलात पट्टे काढून त्यांवरचं गवत आधीच जाळून टाकायचं, म्हणजे आग पुढे सरकत नाही. वनखात्यात आजही याच पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. पुढे १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. मध्य भारतातल्या बैगा आदिवासींची बेवर शेती, म्हणजे झाडोरा जाळून त्या राखेत पेरणी करायची फिरती शेती, राख करूनच व्हायची. तिच्यावरही बंधनं आली. १९२७च्या कायद्यात तर जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे असं कलम आहे. मालकी काढून घेतली आणि राखणीचं कर्तव्य मात्र अंगावर ठेवलं, यात गावकऱ्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

प्राण्यांचं म्हणाल, तर आपल्याकडचा वणवा सहसा जमिनीलगत धावतो, शेंडे क्वचितच पेटतात. सांबर, चितळ, वाघ बाजूला होतात, नाल्यात उतरतात. साळिंदर बिळात शिरतं. वरचा पाला जळत असला तरी वीतभर खालची माती फारशी तापत नाही. कोतवाल आणि नीलपंख तर आगीच्या कडेलाच येऊन बसतात आणि पळणारे किडे टिपतात. मरतात ते हळू चालणारे आणि जमिनीवर घरटी करणारे: कासवं, सरडे, टिटवीची अंडी, तित्तराची पिल्लं. विणीचा हंगाम नेमका वणव्याच्याच दिवसांत येतो. पावसानंतर कोवळं गवत उगवतं, चितळं परततात, आणि जंगल सावरलं असं आपल्याला वाटतं. त्या वर्षीची पिल्लं मात्र गेलेली असतात. घाणेरी माजलेल्या रानात तर ज्वाळा उंच उठतात. तिथे आग फांद्यांपर्यंत पोचते.

माणसाला बीळ नाही. उतारावर आग वरच्या दिशेने झपाट्याने चढते, म्हणून आगीच्या वर उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. १९४९ साली अमेरिकेत मोंटानातल्या मॅन गल्च दरीत वणव्याने तेरा जणांचा बळी घेतला. आग विझवायला गेलेल्या तुकडीचा प्रमुख वॅगनर डॉज याने स्वतःच समोरचं गवत पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत पालथा पडून राहिला. तो वाचला. जळालेल्या जमिनीवर आगीला खायला काही उरत नाही, हे जाळरेषेमागचंही तत्त्व.

२००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना देते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. सूचना आली, तरी कड्याकपारीत पोचून पाला बाजूला सारायला शेवटी पायी चालणारा माणूसच लागतो. कधी हातात ब्लोअर, कधी नुसता झाडाचा डहाळा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळाला. तेंदूपत्त्याचे पैसे कुणाला नको असतात? तरीही ग्रामसभेने तो तोडायचाच नाही असं ठरवलं. त्यापायी झाडं छाटली जातात आणि रानाला आगी लागतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आता गाव बांबूवर कमावतं.