मनन-पुस्तिका छापून घेणाऱ्या धर्मग्रामांसाठी: आधी उपासनेचा दिवस, मग तारीख

मनन-पुस्तिका म्हणजे रोजच्या मिस्सातल्या शुभवर्तमानावर एकेक छोटे मनन असलेली वर्षभराची पुस्तिका. पाऊस निम्म्यावर आला की आमच्या छापखान्यात तिच्याबद्दल तेच दोन प्रश्न येऊ लागतात. पहिला असा: "गेल्या वर्षीची मनन-पुस्तिका तुमच्या कॉम्प्युटरवर आहेच, मग तारखा बदलून तीच का काढत नाही?" दुसरा जरा नाराजीने विचारलेला असतो: "वर्षभराचं मॅटर वेळेत आणून दिलं, तरी परत का पाठवलं?" वसईत पापडीपासून अर्नाळ्यापर्यंतची कामे आमच्याकडे येतात. धर्मग्रामांची (पॅरिशची) संपादन मंडळे बदलत राहतात आणि नव्या मंडळाला जुन्याने हे सांगितलेले नसते. म्हणून एकदाच सविस्तर लिहून देत आहोत.

नाताळच्या तयारीचा आगमनकाळ, पुनरुत्थानाच्या सणाआधीचा उपवासकाळ, रविवारच्या वाचनांची आळीपाळीने येणारी अ, ब, क ही वर्षे तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. घोटाळा तिथे होत नाही, वाटणीत होतो. मंडळ बसते, भिंतीवरचे कॅलेंडर काढते आणि "मार्च तुमचा, एप्रिल सिस्टरांचा, मे युवकांचा" असे ठरते. मग लिहिणारा गेल्या वर्षीची पुस्तिका उघडतो, त्या तारखेला कोणता उतारा होता ते पाहतो आणि त्यावर मनापासून मनन लिहितो. मनन उत्तम असते, पण दिवस चुकलेला असतो.

५ मार्च ही एकच तारीख घ्या. २०२५ साली त्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस होता आणि शुभवर्तमान होते मत्तय ६:१-६, १६-१८, म्हणजे दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नये हा भाग. २०२६ मध्ये ५ मार्चला उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार आला आणि वाचन होते लूक १६:१९-३१, श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजरस. २०२७ मध्ये तीच तारीख तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी येते: मार्क १२:२८-३४, सर्वांत मोठी आज्ञा कोणती. तीन वर्षांत एका तारखेला तीन वेगळी शुभवर्तमाने. सकाळी मिस्सात एक ऐकायचे आणि घरी येऊन पुस्तिकेत दुसरेच वाचायचे, असे झाले की रोज चर्चला जाणाऱ्या आजींना ते पहिल्या दिवशी कळते. आठवडाभर तसेच चालले तर त्या पुस्तिका बाजूला ठेवतात, आणि तुमच्या लेखकांची वर्षभराची मेहनत कपाटात जाते.

याचे मूळ पुनरुत्थानाच्या रविवारात (ईस्टरमध्ये) आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार तो धरला जातो. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना हे वेगळे समजवावे लागत नाही. उधाण आणि भांग ते चंद्रावरूनच धरतात. २०२५ मध्ये हा सण २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, आणि २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे. तो सरकला की राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पुनरुत्थानानंतर सात आठवड्यांनी येणारा पेन्टेकॉस्ट सगळेच सरकते.

त्याहून कमी लोकांच्या लक्षात येते ते सामान्यकाळाचे, म्हणजे आगमन-नाताळ आणि उपवास-पुनरुत्थान हे काळ वगळून उरणाऱ्या आठवड्यांचे. उपवासकाळ सुरू झाला की सामान्यकाळाचे आठवडे थांबतात आणि पेन्टेकॉस्टनंतर पुन्हा चालू होतात. शेवटचा ३४वा आठवडा ख्रिस्तराजाच्या सणाला बांधलेला असल्याने पुढची मोजणी मागून करावी लागते, आणि पुष्कळदा मधला एक आठवडा गळतो. २०२५ मध्ये नववा गळला, २०२६ मध्ये सातवा, २०२७ मध्ये सहावा गळणार आहे. मार्क ८:२२-२६ मधल्या बेथसैदाच्या आंधळ्याचे उदाहरण पाहा. येशूने त्याला दोन टप्प्यांत दृष्टी दिली. पहिल्यांदा त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. मनन लिहिणाऱ्यांचा हा आवडता उतारा आहे, आणि का नसावा! तो सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी येतो. २०२६ मध्ये नेमक्या त्याच बुधवारी, १८ फेब्रुवारीला, राख लागली. २०२७ मध्ये तो आठवडाच नाही. म्हणजे आता तो रोजच्या मिस्सात येईल १६ फेब्रुवारी २०२८ ला. तोपर्यंत त्यावरचे मनन कितीही सुरेख असले तरी जपून ठेवायचे, छापायचे नाही.

मंडळे फसतात त्यालाही कारण आहे. काही पाने गेल्या वर्षीशी खरोखर जुळतात. १७ ते २४ डिसेंबर या दिवसांची शुभवर्तमाने, रविवार वगळता, तारखेलाच बांधलेली आहेत. १७ डिसेंबरला मत्तयातली वंशावळ दरवर्षी येते. ३ डिसेंबरचा संत फ्रान्सिस झेवियर, ८ डिसेंबरचा मरियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, नाताळ हेही तारखेचेच. पडताळणी म्हणून मंडळ पुस्तिकेची पहिली पाने चाळते, तिथे सगळे बरोबर दिसते आणि विश्वास बसतो. पेन्टेकॉस्टच्या पुढेही फरक बहुधा थोडा असतो. लूक ५:१-११, म्हणजे रात्रभर काही न मिळालेल्या शिमोनाने पुन्हा जाळी टाकली तो उतारा, सामान्यकाळाच्या २२व्या आठवड्यातल्या गुरुवारी असतो. २०२६ मध्ये तो ३ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये २ सप्टेंबरला. एकाच दिवसाचा फरक पाहून "सगळेच एक दिवस मागे घ्या" असा निरोप आम्हाला येतो. तो हिशेब पावसाळ्याच्या पानांना बऱ्यापैकी लागू पडतो, पण फेब्रुवारी ते मे या पानांचा पार विचका करतो.

म्हणून आमची विनंती एवढीच: प्रत्येक मननाच्या डोक्यावर तीन गोष्टी याच क्रमाने लिहा. आधी उपासनेचा दिवस, मग शुभवर्तमानाचा संदर्भ अध्याय आणि ओव्यांसह, आणि शेवटी तारीख. उदाहरणार्थ: "सामान्यकाळ, २२वा आठवडा, गुरुवार. लूक ५:१-११. २ सप्टेंबर २०२७." पहिल्या दोन गोष्टी बरोबर असतील तर तारीख आम्ही बसवून देतो. नुसती तारीख असेल तर लेखकाच्या मनात कोणता उतारा होता हे मनन वाचून ओळखत बसावे लागते, आणि ते काम आमच्या डीटीपी करणाऱ्या मुलीवर टाकणे योग्य नाही. उताऱ्यातला शब्द मननात एकदाही आला नसेल तर ते कोणालाच ओळखता येत नाही.

नुसत्या तारखेचे मॅटर आम्ही परत पाठवतो ते याच कारणाने. काहींना हा हट्ट वाटतो. पण पुस्तिका सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापली जाते. मधले एक मनन काढून दुसरे घातले आणि ते चार ओळींनी मोठे निघाले, की पुढची पाने ढकलली जातात. प्लेटा झाल्यानंतर हे लक्षात आले तर नवी प्लेट, नवा कागद आणि पुन्हा मशीनवर वेळ, हा सगळा खर्च धर्मग्रामावर पडतो. एका धर्मग्रामाला फेब्रुवारी-मार्चचा सगळा भाग असा दुसऱ्यांदा छापून घ्यावा लागला, आणि तो पैसा भाविकांच्या दानातून आलेला होता. ऑगस्टमध्ये मॅटर परत पाठवण्याला एक पैसाही लागत नाही.

आता जुन्या मननांबद्दल, कारण ती पुन्हा वापरण्याला आमची अजिबात ना नाही. उलट तसेच करावे असे आम्ही सुचवतो. आठवड्यातल्या वारांची शुभवर्तमाने दरवर्षी तीच असतात: सामान्यकाळात पहिल्या नऊ आठवड्यांत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय, पुढे लूक. सम आणि विषम वर्षांप्रमाणे बदलते ते पहिले वाचन आणि स्तोत्र. रविवारचे शुभवर्तमान मात्र तीन वर्षांनी फिरून येते. म्हणजे वारांसाठी एकदा चांगली मनने जमली, तर ती धर्मग्रामाची कायमची ठेव होते. फक्त मननात पहिल्या वाचनाचा उल्लेख असेल तर ते एक वर्षाआड वापरावे. तुमचे आमच्याकडे छापलेले सगळे मॅटर आम्ही तारखेने न ठेवता शुभवर्तमानाच्या संदर्भाने लावून ठेवतो. "मार्क ४ वरचे आमचे काय आहे?" असे विचारलेत तर त्याच दिवशी काढून देतो. याचे वेगळे पैसे नाहीत. बाहेर छापलेल्या जुन्या पुस्तिका आणल्यात तर त्याही याच पद्धतीने लावून देऊ, त्याचा टायपिंगचा खर्च आधी सांगून.

येत्या वर्षाची पुस्तिका २९ नोव्हेंबर २०२६ ला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. १ जानेवारीपासून मॅटर आणणारे अजूनही भेटतात. त्यांच्या पुस्तिकेत आगमनकाळ आणि नाताळ दोन्ही राहून जातात. हे रविवारचे ब वर्ष आहे, म्हणजे मार्काचे. मार्क लहान असल्याने सामान्यकाळाच्या १७व्या ते २१व्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय, जीवनाच्या भाकरीचा, वाचला जातो. पण २०२७ मध्ये १५ ऑगस्ट रविवारी आला आहे. त्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असल्याने विसाव्या रविवारचा योहान ६:५१-५८ हा भाग निघून त्या जागी लूक १:३९-५६ येतो. जीवनाच्या भाकरीवर सलग पाच रविवारांची मालिका आखणाऱ्यांनी चारच लिहावीत. तसेच २५ मार्च २०२७ हा पवित्र गुरुवार आहे, म्हणून देवदूताच्या निरोपाचा सण ५ एप्रिलला जातो. गेल्या पुस्तिकेतले २५ मार्चचे पान उचलून ठेवले तर प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवशी गब्रिएल येईल.

स्थानिक सणांचे आम्हाला लेखी कळवा. तुमच्या चर्चच्या आश्रयदात्या संताचे फेस्त, आणि वसईत जन्मून ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सियांचा सण, या दिवशी कोणती वाचने घ्यायची हे फादर सांगतील. ते आम्ही ठरवत नाही. शेवटच्या प्रुफावर फादरांची सही असल्याशिवाय मशीन चालू होत नाही, हा नियमही त्यासाठीच आहे. रत्नागिरीकडच्या किंवा इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांची वाचनांची मांडणी वेगळी असते, त्यांनी आपले वाचनपत्रक मॅटरसोबत द्यावे.

बायबलचा उतारा पूर्ण का छापत नाही, असेही विचारले जाते. मराठी भाषांतरांचे हक्क त्या त्या प्रकाशकांकडे असतात आणि परवानगीशिवाय वर्षभराचे उतारे छापणे बरोबर नाही. शिवाय पुस्तिका दुपटीने जाड होईल. आमचे स्वतःचे मत असे की संदर्भ दिला की माणूस बायबल उघडतो, आणि पुस्तिकेचा खरा उपयोग तोच आहे. एखादी ओवी ठळक छापायची असेल तर भाषांतर कोणते ते लिहा.

मनन एकशे तीस शब्दांच्या आत ठेवा, म्हणजे मोठ्या टायपात एका पानावर बसते. मोठा टाइप आम्ही मुद्दाम ठेवतो, कारण पुस्तिका सर्वांत नेमाने वाचणारे वयाने मोठे आहेत. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा; जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरे फुटतात आणि "ख्रिस्त" हा शब्दच सर्वांत आधी बिघडतो.

मॅटर ऑगस्टअखेर, प्रुफे सप्टेंबरमध्ये, छपाई पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागद ओल धरतो, बांधणीचा गोंद नीट सुकत नाही आणि पाने सुटतात, म्हणून बांधणीची घाई आम्ही करत नाही. ख्रिस्तराजाच्या रविवारी, २२ नोव्हेंबरला, पुस्तिका चर्चच्या दाराशी वाटायला तयार हव्यात. दिवाळीनंतर लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते, तेव्हा उशिरा आलेल्या कामाला आम्ही कितीही इच्छा असली तरी पुढे घेऊ शकत नाही.

लहान धर्मग्रामांना वर्षाची एक जाड पुस्तिका परवडत नसेल तर काळानुसार चार भाग करता येतात. आगमन-नाताळ आणि उपवासकाळ एवढे दोनच काढणारेही आहेत. होडीवर नेणाऱ्यांसाठी लॅमिनेशनचे कव्हर आणि गोल कापलेले कोपरे करून देतो; थोडे जास्त पडतात, पण खाऱ्या हवेत पुस्तिका पुढच्या आगमनकाळापर्यंत टिकते.

२९ नोव्हेंबर २०२६ पासून पुढच्या उपासना-वर्षाच्या शेवटापर्यंत प्रत्येक दिवसाचा आठवडा, वार, शुभवर्तमानाचा संदर्भ आणि तारीख लिहिलेला तक्ता आमच्याकडे तयार आहे. काम आम्हाला द्यायचे ठरो वा न ठरो, मंडळातल्या एकाने येऊन तो घेऊन जावा, फादरांकडून तपासून घ्यावा आणि वाटणी त्यावरूनच करावी. येताना धर्मग्रामाच्या फेस्तांची यादी, अंदाजे किती प्रती लागतील तो आकडा आणि जुन्या पुस्तिकेची एक प्रत सोबत आणा. दुपारी एक ते चार छापखाना बंद असतो.