गोळी चालण्यासाठी असते

गुडघा बदलून दुसरा दिवस. निफाडची माझी मावशी नाशिकच्या एका दवाखान्यात दात आवळून पडली होती आणि नर्सनं दिलेली गोळी उशीखाली ठेवत होती. "सवय लागते गं याची. होईल तेवढं सोसते." उभा जन्म द्राक्षबागेत राबण्यात गेलेला, सोसणं अंगवळणी पडलेलं. पण व्यायामाची वेळ झाली की पाय उचलेना.

ऑपरेशनच्या आधी तिला कुणी नीट समजावलंच नव्हतं. ही गोळी दुखणं पार घालवायला नसते. उठून बसता यावं, खोल श्वास घेता यावा, खोकता यावं, चार पावलं टाकता यावीत, यासाठी असते. पडून राहिलं तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, उथळ श्वासानं न्यूमोनियाही. म्हणून 'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?' असं विचारलं, की पाय हलवतानाचा आकडाही सांगावा.

तिच्या कागदावर पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल होतं. ट्रामाडॉल हे ओपिऑइड, कारखान्यात बनवलेलं, पण काम अफूतल्या मॉर्फिनसारखं. (अनारशाला लावतो ती खसखस अफूच्याच बोंडातली, नशा मात्र बियांत नसते, बोंडाच्या चिकात असते.) आपल्या शरीरातली एंडॉर्फिन्स, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ती वेदनाशामक रसायनं, मेंदूत आणि मज्जारज्जूत पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतात, त्यांनाच ही औषधं चिकटतात आणि वेदनेचा निरोप मंदावतो. असेच ग्राही आतड्यांत आहेत, म्हणून पोट साफ होत नाही. त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं.

खरी काळजी श्वासाची. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास वाढवतो. ओपिऑइडनं ही जाणीव बोथट होते. सोबत दारू किंवा झोपेची गोळी पडली तर जिवावर बेतू शकतं. माणूस हाका मारूनही जागा होईना, श्वास अगदी संथ झाला, की थेट 108 ला फोन करावा.

मावशीची भीती अगदीच खोटी नव्हती. थोडे दिवस, सांगितलेल्या मापात घेतलं तर व्यसनाचा धोका कमी असतो. दिवस लांबले की तो वाढतो. ट्रामाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मला जास्त भीती वाटते ती घरात उरलेल्या स्ट्रिपची. शेजाऱ्याची कंबर धरली की आपण मायेनं दोन गोळ्या काढून देतो. त्याला फिट येत असेल तर ट्रामाडॉलनं ती पुन्हा येऊ शकते. शिवाय काही गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं; त्यावर घरातली तापाची गोळी घेतली की माप दुप्पट होतं आणि यकृताला इजा होऊ शकते.

हे सगळं भूलतज्ज्ञ बाईंनी तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून मावशीला सांगितलं. दहा मिनिटं लागली. मग व्यायामाच्या तासभर आधी गोळी घ्यायची असं ठरलं, आणि संध्याकाळी मावशी वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. डिस्चार्जच्या वेळी तिनंच विचारलं, "यातली आधी कुठली बंद करायची?" बाईंनी ट्रामाडॉलपुढे तारीख लिहून दिली.