बाटली लावणारा डॉक्टरच भारी?

आमच्या बीडकडं दवाखान्यातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच: "सलाईन लावलं का?" नाही म्हटलं की डॉक्टरच बदला! सलाईननं अंगात ताकद येते, हा समज गावोगावी घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे.

साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत असतं पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ताकद शून्य. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम पाच चमचे. लाल रंग दिसतो तो बहुतेक वेळा त्यात टाकलेल्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा.

उलट्या थांबत नाहीत, जुलाबानं माणूस गळालाय, तोंडानं पाणी जात नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. पण हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला उगीच लावली तर धाप लागू शकते.

माझ्या आईला ज्या डॉक्टरीणबाई लागू पडल्या, त्यांनी पहिल्या दिवशी सुईसुद्धा टोचली नाही. आईच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या, एकेक पाकीट वाचलं. एकाच औषधाची दोन नावांची पाकिटं निघाली! एक बंद केलं, चक्कर थांबली.

डॉक्टर निवडताना हेच बघा हो. जुनी औषधं विचारतात का, बीपी मोजतात का, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का, आणि आपल्या हाताबाहेरचं असेल तर वेळेत अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या (घाटी) मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवतात का.