पार्श्वभूमी : जॅकलिन हिल आणि पुसल्या गेलेल्या फितींचा काळ

२१ डिसेंबर १९६३ रोजी बीबीसीने 'डॉक्टर हू' या काळप्रवासाच्या विज्ञानमालिकेचा जो भाग दाखवला, त्याच्या शेवटी बार्बरा राइट ही इतिहासाची शिक्षिका एका धातूच्या बोळात एकटी सापडते, भिंतीला पाठ टेकवते आणि समोरून येणारी काठीसारखी भुजा पाहून किंचाळते. ती भुजा कोणाची, हे प्रेक्षकांना दिसत नाही, कारण कॅमेराच त्या प्राण्याच्या जागी आहे. भुजेच्या टोकाला मोरी तुंबल्यावर वापरतात तसला रबरी पंप होता. तो पाहून हसू फुटण्याऐवजी अंगावर काटा आला, याचे श्रेय बार्बरा झालेल्या जॅकलिन हिल यांच्या चेहऱ्याला द्यावे लागते. ज्या डालेकांचे, म्हणजे धातूच्या कवचात राहणाऱ्या परग्रहावरच्या दुष्ट प्राण्यांचे, पुढे ब्रिटनभर वेड पसरले, त्यांची पहिली ओळख अशी झाली.

हिल यांचा जन्म १७ डिसेंबर १९२९ रोजी बर्मिंगहॅममध्ये झाला. आईवडील लहानपणीच गेले आणि आजीआजोबांनी सांभाळ केला. धाकट्या भावाचे शिक्षण चालू राहावे म्हणून चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि त्या कॅडबरीच्या कारखान्यात कामाला लागल्या. तिथल्या हौशी रंगभूमीने त्यांना वाट दाखवली. सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनच्या 'राडा' या नाट्यसंस्थेत दाखल झाल्या.

त्यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर त्या काळी टीव्हीवरचे नाटक कसे होत असे, हे आधी पाहायला हवे. १९५०च्या दशकात बहुतेक नाटके स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. नेपथ्ये शेजारीशेजारी उभारलेली असत, एक प्रवेश संपला की नट धावत दुसऱ्या नेपथ्यात जाऊन उभे राहत, आणि चुकलेले वाक्य चुकलेलेच राही. रविवारी झालेले नाटक पुन्हा दाखवायचे, तर गुरुवारी सगळा नटसंच जमून ते नव्याने करी. चित्रपटापेक्षा रंगभूमीला जवळचा असा हा व्यवहार होता. मात्र कॅमेरा हातभर अंतरावर असल्याने रंगमंचावरचा मोठा आवाज आणि मोठे हावभाव इथे चालत नसत.

३१ मार्च १९५७ रोजी बीबीसीने 'रिक्वायम फॉर अ हेवीवेट' हे नाटक असेच थेट सादर केले. थकलेल्या मुष्टियोद्ध्याच्या भूमिकेसाठी ठरलेले अमेरिकी नट जॅक पॅलन्स ऐनवेळी येऊ शकले नाहीत, तेव्हा नायिका असलेल्या हिल यांनी दिग्दर्शक ॲल्विन रॅकॉफ यांना शॉन कॉनरी या फारशा परिचित नसलेल्या तरुणाचे नाव सुचवले. जेम्स बाँड अजून पाच वर्षे दूर होता. पुढच्या वर्षी रॅकॉफ आणि हिल विवाहबद्ध झाले.

'डॉक्टर हू'च्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट या दांपत्याला ओळखत होत्या आणि त्यातूनच बार्बराची भूमिका हिल यांच्याकडे आली. लॅम्बर्ट तेव्हा बीबीसीच्या नाट्यविभागातल्या सर्वांत तरुण निर्मात्या होत्या, तर पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, अवघ्या चोवीस वर्षांचे. त्यांच्या आई म्हणजे लेखिका अतिया हुसेन. लाइम ग्रोव्हमधला स्टुडिओ जुना आणि अडचणीचा होता. चार दिवस तालीम आणि शुक्रवारी चित्रीकरण असा क्रम असे. चित्रीकरण फितीवर होई खरे, पण संकलनासाठी महागडी फीत प्रत्यक्ष कापावी लागत असल्याने शक्यतो सलग चित्रीकरणावरच भर असे. थेट नाटकांत घडलेल्या हिल यांना ही शिस्त नवी नव्हती. पहिला भाग नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही, म्हणून तो पुन्हा चित्रित झाला आणि केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, प्रक्षेपित झाला. आठवड्याने दुसऱ्या भागाआधी तो परत दाखवावा लागला.

माझ्या मते हिल यांचे सर्वोत्तम काम मे-जून १९६४मध्ये आलेल्या 'दि ॲझटेक्स' या चार भागांच्या कथेत आहे. ॲझटेक लोक बार्बराला देवतेचा अवतार समजतात आणि त्या अधिकाराच्या बळावर ती नरबळी थांबवू पाहते. इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही, असे मालिकेचा नायक, काळातून प्रवास करणारा डॉक्टर, तिला बजावतो; ती ऐकत नाही आणि हरते. मुलांसाठी म्हणून योजलेल्या मालिकेत हिल यांनी हा पराभव शोकांतिकेच्या गांभीर्याने वठवला.

जून १९६५मध्ये त्या आणि सहकलाकार विल्यम रसेल यांनी एकाच भागात मालिका सोडली. नंतरची बरीच वर्षे त्या घरसंसारात आणि दोन मुलांच्या संगोपनात रमल्या. १९७८मध्ये रॅकॉफ यांनी बीबीसीसाठी केलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये त्या लेडी कॅप्युलेट होत्या. १९८०मध्ये त्या 'डॉक्टर हू'मध्ये परतल्या, पण वेगळ्या भूमिकेत: या वेळी त्या डॉक्टरचाच बळी देऊ पाहणाऱ्या पुजारीण होत्या. १८ फेब्रुवारी १९९३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कापायला महाग असलेल्या फिती बीबीसीने पुढे पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकल्या. 'मार्को पोलो' ही 'डॉक्टर हू'ची १९६४मधली सात भागांची कथा, जिचे बहुतेक दिग्दर्शन हुसेन यांचे होते, त्यात गेली. प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केल्यामुळे तिचे संवाद तेवढे ऐकायला मिळतात. शिवाय चित्रीकरणाच्या वेळी काढलेली काही छायाचित्रे आहेत. मालिका कृष्णधवल होती, ती छायाचित्रे मात्र रंगीत आहेत.