शीतपेय सरकारी कार्डावर घेता यावे का?

अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानांत काचेच्या उबदार कपाटात भाजलेली अख्खी कोंबडी विकायला ठेवलेली असते. सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर ती घेता येत नाही, कारण गरम, तयार अन्न या योजनेत बसत नाही. तीच कोंबडी थंड करून शेजारच्या शीतकपाटात ठेवली की मात्र कार्ड चालते. दिवसभर कामावर उभे राहून घरी निघालेल्या आईच्या दृष्टीने पहिली कोंबडी लगेच मुलांच्या ताटात वाढता येते, एवढाच या दोहोंतला फरक आहे. याउलट साखरेच्या शीतपेयाची दोन लिटरची बाटली मात्र साठ वर्षे या साहाय्यातून बिनहरकत घेता येत होती. जानेवारी 2026 पासून काही राज्यांनी ती मुभा काढून घेतली आहे. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाने त्या पैशांतून काय घ्यावे हे सरकारने ठरवावे का, हा वाद त्यामुळे पुन्हा तापला असला, तरी त्यातला मोठा भाग मतांचा नसून मोजता येण्याजोग्या गोष्टींचा आहे, आणि बरेचसे मोजूनही झालेले आहे.

‘स्नॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा लाभ 2024 या आर्थिक वर्षात दरमहा सरासरी 4 कोटी 17 लाख लोकांनी घेतला. माणशी महिन्याला सुमारे 187 डॉलर, म्हणजे दिवसाला जेमतेम सहा डॉलर त्यांच्या कार्डावर जमा होत होते. मद्य, तंबाखू, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि गरम अन्न वगळता घरी नेऊन खाण्याजोगे जवळजवळ काहीही त्यातून घेता येत असे.

याद्या करण्याची कल्पना मात्र जुनी आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात अशा योजनेचा पहिला प्रयोग सुरू झाला. एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेणाऱ्याला पन्नास सेंटची निळी तिकिटे वर मिळत. नारिंगी तिकिटांवर कोणतेही खाद्य घेता येई. निळ्या तिकिटांवर मात्र शेतीखात्याने ‘अतिरिक्त’ ठरवलेला मालच मिळे. ती यादी भुकेल्या माणसाच्या गरजेपेक्षा शेतकऱ्याकडे साठलेल्या मालाकडे पाहून बनवलेली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1964 च्या कायद्याच्या वेळी प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात शीतपेये वगळलेली होती, पण अंतिम कायद्यात ती अट राहिली नाही. पुढे 2004 मध्ये मिनेसोटा राज्याने आणि 2010 मध्ये न्यूयॉर्क शहराने बंदीची परवानगी मागितली, आणि दोन्ही वेळा केंद्रीय शेतीखात्याने नकार दिला. बाजारात तीन लाखांहून अधिक खाद्यवस्तू आहेत आणि त्यांतली ‘चांगली’ कोणती, ‘वाईट’ कोणती, हे ठरवण्याची सर्वमान्य कसोटी नाही, असे या खात्याने 2007 मध्येच लिहून ठेवले होते. मे 2025 मध्ये हे धोरण बदलले आणि नेब्रास्का राज्याला पहिली परवानगी मिळाली. नंतर आणखी अनेक राज्ये रांगेत आली.

शीतपेयांविरुद्धचा शास्त्रीय पुरावा भक्कम आहे, याबद्दल शंका नको. 355 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 39 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दहा चमचे साखर असते. चावून खाल्लेल्या अन्नाने पोट भरल्याची जी जाणीव होते, ती प्यायलेल्या साखरेने तितकीशी होत नाही, त्यामुळे माणूस पुढच्या जेवणात त्या प्रमाणात कमी खात नाही आणि या कॅलरी वरकड ठरतात. टाइप 2 मधुमेह आणि दातांची कीड यांच्याशी गोड पेयांचा संबंध वारंवार दिसून आलेला आहे.

मग स्नॅपवरची कुटुंबे खरोखर किती शीतपेय घेतात? एका मोठ्या दुकानसाखळीच्या 2011 मधील विक्रीच्या नोंदी तपासून शेतीखात्याने 2016 मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार या कुटुंबांच्या किराण्यातील सुमारे 5.4 टक्के खर्च शीतपेयांवर होत होता. इतर कुटुंबांचा 4 टक्के. फरक आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण गरिबांची टोपली एकीकडे आणि बाकीच्यांची दुसरीकडे असे चित्र या आकड्यांतून उभे राहत नाही. सगळ्यांच्याच टोपलीत साखर जास्त आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा 600 डॉलरचा आहे. त्यातले 400 कार्डावरचे आणि 200 खिशातले. 5.4 टक्क्यांच्या हिशेबाने शीतपेयांवर सुमारे 32 डॉलर जातात. कार्डावर शीतपेय बंद झाले, तर ते 32 डॉलर खिशातून द्यायचे आणि तेवढ्या किमतीचे दूध-पाव कार्डावर घ्यायचे, इतके सोपे आहे. टोपलीतला एकही जिन्नस बदलत नाही. पैशाला रंग नसतो, असा हा युक्तिवाद आहे आणि कित्येक अर्थशास्त्रज्ञांनी याच आधारावर बंदी निरुपयोगी ठरवली.

परंतु माणसे हिशेब असा करत नाहीत. आपल्याकडेही दुधाचे पैसे एका डब्यात, विजेच्या बिलाचे दुसऱ्या डब्यात आणि सणाचे तिसऱ्या डब्यात ठेवणारी घरे असतात, आणि पैसा तोच असला तरी एका डब्यातला दुसऱ्या कामाला सहसा लावला जात नाही. जस्टीन हेस्टिंग्ज आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. कार्डावर 100 डॉलर आले की कुटुंबाचा अन्नावरचा खर्च 50 ते 60 डॉलरने वाढतो. तितकीच रोख रक्कम हाती आली, तर ही वाढ 10 डॉलरच्या वर जात नाही. अन्नाचे कार्ड मनात अन्नाच्याच खात्यावर बसते. म्हणजे कार्डावरच्या बंदीचा काहीच परिणाम होणार नाही, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंचे लोक या मुद्द्याला घाईने ओलांडून जातात, याचे मला वाईट वाटते.

अशा वेळी प्रयोगच कामाला येतो. मिनेसोटातील मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत झालेला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. स्नॅपमध्ये नसलेल्या, पण कमी उत्पन्नाच्या 279 प्रौढांना जणू चिठ्ठ्या टाकून चार गटांत विभागले आणि बारा आठवडे अन्नखरेदीसाठी कार्ड दिले. एका गटाला फळे-भाज्यांवर 30 टक्के परतावा, दुसऱ्याला गोड पेये, केक-बिस्किटे आणि गोळ्या-चॉकलेटांवर बंदी, तिसऱ्याला परतावा आणि बंदी दोन्ही, तर चौथ्याला यांतले काहीच नाही. आहाराचा एकूण दर्जा ठळकपणे सुधारला तो तिसऱ्या गटात: कॅलरी कमी झाल्या, फळे वाढली. नुसती बंदी किंवा नुसता परतावा यांचे परिणाम त्या मानाने तुटपुंजे राहिले. प्रयोग लहान होता, हे मान्य. पण त्याने दाखवलेली दिशा स्पष्ट आहे.

परतावा एकट्याने काय करतो, याचा मोठा प्रयोग मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पडन परगण्यात 2011-12 मध्ये झाला. तेथे स्नॅपवरील 7,500 कुटुंबांना फळे-भाज्यांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे 30 सेंट कार्डावर परत मिळत. त्यांचे या फळे-भाज्यांचे सेवन तुलनेच्या गटापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त भरले. ऐकायला मोठे वाटते, प्रत्यक्षात ती वाढ दिवसाला सुमारे पाव कप फळे-भाज्यांची आहे. पण ती कोणालाही गल्ल्यावर अडवून, रांगेतल्या लोकांसमोर बाटली परत ठेवायला लावून मिळालेली नाही.

यादीच यशस्वी होते असेही एक उदाहरण आहे. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीच्या ‘विक’ या वेगळ्या योजनेत ठरावीक पदार्थच मिळतात. 2009 मध्ये तिच्या यादीत फळे-भाज्या आणि अख्खे धान्य आले, फळांचा रस कमी झाला. त्यानंतर, 2010 ते 2016 या काळात, या योजनेतील दोन ते चार वर्षांच्या मुलांमधील स्थूलतेचे प्रमाण 15.9 टक्क्यांवरून 13.9 टक्क्यांवर उतरले. सगळे श्रेय यादीला देता येणार नाही, पण काही भाग तिचा असावा. मात्र ही यादी आहारतज्ज्ञांनी वाढत्या मुलांची गरज पाहून ठरवलेली होती. याद्या नेहमी अशा बनत नाहीत. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीत रेशन दुकानांतून 100 रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ या संचात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. सणाचा गोडवा घरोघरी पोहोचला हे चांगलेच झाले, पण तो पोषणाचा विचार नव्हता.

नव्या राज्यबंद्यांच्या व्याख्या पाहिल्या की हीच अडचण पुन्हा समोर येते. आयोवा राज्याने आपली यादी विक्रीकराच्या नियमांना जोडली आहे, आणि त्या नियमांत पीठ असलेला चॉकलेटचा बार ‘गोळ्या-चॉकलेट’ ठरत नाही. आर्कान्सा राज्याच्या बंदीत 50 टक्क्यांपेक्षा कमी रस असलेली फळपेये येतात. साखर रक्तात उतरताना या व्याख्या पाहत नाही.

माझे मत असे, की बंदी आणायचीच असेल, तर फळे-भाज्या स्वस्त करणाऱ्या परताव्यासोबतच आणावी. एकटी आणू नये. योजनेची रक्कम घटवून आणलेली बंदी तर मला मान्यच नाही. 1961 ते 1975 या काळात ही योजना अमेरिकेत परगण्यामागून परगणा अशी पसरत गेली. ज्यांच्या लहानपणी ती त्यांच्या परगण्यात पोहोचली होती, त्यांच्यात मोठेपणी स्थूलता, उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे एकत्र येणारे विकार कमी आढळले, असे हिलरी हॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवून दिले. त्या मुलांच्या घरांतही शीतपेयांवर बंदी नव्हती. पोटभर अन्न मात्र होते.

बंदी आणणाऱ्या राज्यांना आता परिणामांचे मूल्यमापन करायचे आहे. ते करताना केवळ कार्डावरची बिले मोजली, तर शीतपेयाची विक्री शून्य दिसेल, आणि बंदी यशस्वी झाल्याची घोषणाही होईल. मोजायला हवी ती अख्खी टोपली: कार्डावरची, खिशातली आणि शेजारच्या राज्यातून आणलेलीही.