शिकारी कुत्र्याचा थकवा कसा उतरतो

दिवसभर झुडपांतून, चिखलातून आणि पाण्यातून सावजाचा माग काढून परतलेला पॉइंटर किंवा लॅब्राडॉर संध्याकाळी अंगाचे वेटोळे करून झोपी गेला, की रात्रीच्या झोपेने तो आपोआप ताजातवाना होईल असे आपण गृहीत धरतो. ते अर्धेच खरे आहे. तापलेले शरीर निवायला काही मिनिटांपासून तासाभराचा अवधी लागतो, पाण्याची तूट भरून यायला काही तास जातात, स्नायूंतला साखरेचा साठा पूर्ववत व्हायला बहुधा एक पूर्ण दिवस लागतो आणि स्नायुतंतूंची बारीकसारीक झीज त्यानंतरही काही दिवस भरून येत असते. माणसाच्या बाबतीतही हे सारे घडतेच, पण कुत्र्यात ते घडण्याची रीत इतकी निराळी आहे, की धावपटूंसाठीचे सल्ले त्याला जसेच्या तसे लावले तर त्यांतले काही निरुपयोगी ठरतात आणि एखाददुसरा जिवावरही बेततो.

सर्वांत आधी हाताळायची गोष्ट म्हणजे उष्णता. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीत उतरतो आणि बाकी सगळी ऊर्जा उष्णता होऊन शरीरातच राहते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. जोराने धावणाऱ्या, कसलेल्या कुत्र्यात ते ४१ अंशांच्या वर गेले तरी तो उत्साहाने पळताना दिसतो. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांवर असल्यामुळे घामाने त्याचे शरीर थंड होणे जवळपास शक्यच नसते. तो उष्णता बाहेर टाकतो ती धापा टाकून. या धापा मिनिटाला सुमारे ३०० पर्यंत जातात आणि छातीच्या स्वतःच्या लवचिक कंपनाच्या लयीशी ही गती जुळत असल्याने, एवढा वेगवान श्वासोच्छ्वास करूनही त्याला त्यासाठी फारच थोडे श्रम पडतात. निसर्गाने साधलेली ही काटकसर खरोखर थक्क करणारी आहे.

तरीही तिला मर्यादा आहेतच. २५ किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एका अंशाने उतरायचे तर साधारण ८५ ते ९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडावी लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते, म्हणजे या एका अंशासाठी जवळपास ३५ ग्रॅम पाणी जिभेवरून आणि नाकातोंडाच्या ओलसर अस्तरावरून वाफ होऊन गेले पाहिजे, आणि तेही त्या काळात स्नायू नवी उष्णता निर्माण करत नाहीत असे धरून. हवा दमट असली की ही वाफ होण्याचा वेगच मंदावतो. म्हणून तापमापकावरचा आकडा फारसा मोठा नसलेल्या, पण दमट दिवशीही कुत्रा अनपेक्षितपणे कोसळू शकतो.

धावणे थांबले की शरीर लगेच थंड होऊ लागते हाही एक गैरसमज आहे, कारण थांबल्यानंतर काही मिनिटे आतले तापमान वाढतच राहते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्रातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, तापलेल्या कुत्र्यांसाठी थंडाव्याचे चार उपाय ताडून पाहिले: मानेवर बर्फाची पिशवी, मानेभोवती ओला टॉवेल, काखेत ओले टॉवेल आणि पाण्याच्या भांड्यात स्वतःहून डोके बुडवणे. थांबल्यानंतरची ती चढती उष्णता रोखण्यात डोके बुडवण्याचा उपाय सरस ठरला. मात्र कुत्र्याला हे आधी खेळीमेळीने शिकवलेले असावे लागते, आणि जो पूर्ण शुद्धीवर नाही किंवा ज्याची धाप अनावर झाली आहे त्याचे डोके कोणीही पाण्यात बुडवू नये.

कुत्रा झोकांड्या देऊ लागला, त्याला उलट्या झाल्या, हाकेला प्रतिसाद मिळेनासा झाला, की तो थकवा राहिलेला नसतो. तो उष्माघात असतो. अशा वेळी गाडीत घालून धावत सुटण्याआधी जागच्या जागी त्याला थंड करावे, असा ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधील संशोधकांचा आग्रह आहे: तरुण, सुदृढ कुत्र्याला डोके वर धरून थंड पाण्यात उतरवावे, वयस्क किंवा आजारी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि मगच दवाखाना गाठावा. थंड पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता आतच कोंडते, ही जुनी भीती अजून अनेकांच्या मनातून गेलेली नाही, आणि तिच्यापायी मोलाची मिनिटे वाया जातात. उलट अंगावर टाकून तसाच ठेवलेला ओला टॉवेल काही वेळाने स्वतःच तापतो आणि पांघरुणाचे काम करू लागतो.

पाण्याच्या बाबतीत माणूस आणि कुत्रा यांच्यातला फरक आणखी ठळक होतो. घामावाटे आपल्या शरीरातून मीठही जाते, तर धापेवाटे कुत्र्याच्या शरीरातून जवळपास निव्वळ पाणीच जाते. त्यामुळे खेळाडूंच्या क्षारयुक्त पेयांची त्याला सहसा गरज नसते. शिवाय माणसांसाठीच्या काही उत्पादनांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, जो कुत्र्यांच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरवतो. साधे पाणी थोडे थोडे, पण वारंवार द्यावे हे उत्तम. उत्तेजित झालेला कुत्रा तहान असूनही भांड्याकडे पाहत नाही. तेव्हा पाण्यात बिनमिठाचे, कांदा-लसूण न घातलेले थोडे मांसाचे सूप मिसळले की तो चटकन पितो.

आता इंधन. सावकाश आणि दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमांत कुत्र्याचे स्नायू माणसाच्या तुलनेत चरबी कितीतरी अधिक प्रमाणात जाळतात, म्हणून कष्टाळू कुत्र्याच्या रोजच्या आहारात चरबी आणि प्रथिने भरपूर असावी लागतात. परंतु वेगाने झेपावताना, उडी मारताना, पाण्यातून ओढ घेताना ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, खर्ची पडते. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसून आले, की श्रम संपल्यावर लगेच दर किलो वजनामागे सुमारे दीड ग्रॅम कर्बोदके पाण्यातून दिली तर हा साठा पुष्कळ लवकर भरतो. यासाठी बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली, सहज पचणारी पूड, वापरतात. कुत्र्याला एकाच दिवशी काम करायचे असेल तर या खटाटोपाची गरज नाही, असे माझे मत आहे. लागोपाठ दोन-तीन दिवस रानात उतरायचे असेल तेव्हा मात्र त्याचा उपयोग होतो. भरपेट जेवण धाप पूर्ण शांत झाल्यावरच, तासाभराने द्यावे, आणि सकाळी निघण्यापूर्वी तर भरल्या पोटी पळवूच नये, कारण खोल छातीच्या जातींमध्ये जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत प्राण घेऊ शकतो.

कुत्रा शांत झाला की त्याचे अंग बोटांनी चाचपावे. बोटांच्या बेचक्या, कान, डोळ्यांच्या कडा आणि काखा येथे गवताची कुसळे रुततात. त्यांच्यावरचे बारीक काटे मागच्या दिशेने वळलेले असल्याने कुसळ एकदा कातडीत शिरले की प्रत्येक हालचालीसरशी पुढेच सरकते, आणि आठवड्याभराने पंजावर गळू दिसेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. गोचीड आणि गाद्यांवरच्या चिरा याच वेळी पाहून घ्याव्यात.

गार पाण्यात खूप पोहलेल्या लॅब्राडॉरची शेपटी कधी कधी दुसऱ्या दिवशी मुळापासून थोडी आडवी राहून तिथून सरळ खाली लोंबू लागते. मोडल्यासारखी दिसली तरी ही बहुतेकदा शेपटीच्या स्नायूंची इजा असते आणि काही दिवसांच्या विश्रांतीने बरी होते. लघवी गडद तपकिरी झाली असेल तर मात्र स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतली द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणत असल्याची शक्यता असते, आणि तेव्हा थांबून चालत नाही. घरातली वेदनाशामके देणे तर सर्वस्वी टाळावे; आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषासमान ठरू शकतात.

दुसऱ्या दिवशी पूर्ण बंदिस्त ठेवण्यापेक्षा पट्ट्याने बांधून सपाट जमिनीवर सावकाश फिरवणे अधिक हिताचे असते, कारण त्याने रक्तप्रवाह वाढतो आणि सांध्यांचा ताठरपणा ओसरतो. अंथरूण कोरडे, मऊ आणि वाऱ्यापासून आडोशाचे असावे. कुत्रा पुन्हा कामाला तयार आहे का, हे ठरवायची योग्य वेळ तो झोपेतून उठतो तेव्हाची: बंदूक किंवा शिटी नजरेला पडली, की उत्साहाच्या भरात लंगडणारा कुत्राही सरळ चालू लागतो, आणि मग दुखऱ्या पायाचा माग निघत नाही.